विचारल्यावाचून न बोलणारा साक्षीदार

पडद्यावर एक म्हातारा खुर्चीत बसला आहे. तो बोलत नाही. पापण्या लवतात, श्वासाबरोबर छाती संथपणे वरखाली होते, मधेच तो किंचित सावरून बसतो. समोरचा गप्प राहिला तर हाही गप्प. दहा मिनिटं तुम्ही काही विचारलं नाहीत, तर दहा मिनिटं तो असाच बसून राहील, आणि चेहऱ्यावर कंटाळ्याची रेषही उमटणार नाही.

माहितीपट बघणाऱ्याला याची सवय नसते. माहितीपट आपल्यावाचून अडत नाही. आपण चहा टाकायला उठलो तरी तिकडे बॉम्ब पडतच असतात, निवेदकाचा भरदार आवाज चालूच असतो. इथे मात्र सगळं तुमच्यापाशी येऊन थांबलेलं. त्या म्हाताऱ्याचं हे नुसतं बसणं मला या सबंध कलाकृतीतलं सर्वांत सुंदर स्थळ वाटतं. नाटकात नटाला बोलायचं शिकवतात. पण चांगल्या नटाची ओळख पटते ती समोरचा बोलत असताना तो कसा ऐकतो त्यावरून. हा माणूस नट नाही, तरी त्याचं ऐकणं आधी चित्रित केलेलं आहे. आपण अजून प्रश्न विचारलेला नसतो, आणि त्याचं ऐकणं मात्र कधीचं सुरू झालेलं असतं.

त्याचं नाव पिंकस गुटर. जन्म १९३२चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. घरचा धंदा वाईन बनवण्याचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो सात वर्षांचा असताना जर्मन फौजा आल्या. मग वॉर्साची वस्ती. भिंत घालून कोंडलेल्या ज्यूंची. एप्रिल १९४३मध्ये त्या वस्तीनं शस्त्र उचललं. तळघरात दडलेलं गुटर कुटुंब सापडलं आणि माइदानेकच्या छावणीत गेलं. आईबाप आणि जुळी बहीण तिथे संपली. मुलगा उरला. पुढच्या दोन वर्षांत त्यानं आणखी छावण्या पाहिल्या, युद्धाच्या अखेरीची जीवघेणी पायपीट पाहिली, आणि मे १९४५मध्ये तेरेझिनला त्याची सुटका झाली. पुढे तो कॅनडात टोरांटोला स्थायिक झाला.

ही सगळी माहिती कुठल्याही कोशात मिळेल. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४मध्ये शोआ फाउंडेशन उभं केलं, तेव्हापासून अशा पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर नोंदवल्या गेल्या. त्या सरळ चालतात: जन्म, बालपण, छावणी, सुटका. ऐकणारा मागे मागे जातो. पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींना प्रश्न पडला की हे साक्षीदार गेल्यावर शाळेतल्या मुलांनी समोरासमोर विचारायचं कोणाला? त्यातून ‘डायमेन्शन्स इन टेस्टिमनी’ हा प्रकल्प आला आणि त्यासाठी सर्वांत आधी बसले ते गुटर. २०१४मध्ये लॉस एंजेलिसला, दिव्यांनी आणि कॅमेऱ्यांनी वेढलेल्या घुमटात, रोज तेच कपडे घालून, त्याच खुर्चीत. पाच दिवसांत जवळजवळ दोन हजार प्रश्न. प्रत्येक उत्तरानंतर पुन्हा तशाच स्थिर मुद्रेत परतायचं, म्हणजे एका उत्तराचा सांधा दुसऱ्याला जुळतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून करून घेतलेली ही मेहनत ऐकली की मला आधी त्यांच्या पाठीची काळजी वाटते.

वर्तमानपत्रांनी याला ‘होलोग्राम’ म्हणून भरपूर गाजवलं. माणूस हवेत तरंगतो, मेल्यावरही बोलतो, वगैरे. त्या चमत्कृतीत मला फारसा रस नाही. बहुतेक ठिकाणी तो साध्या पडद्यावरच दिसतो, आणि तेवढं पुरतं. रस आहे तो त्या दोन हजार तुकड्यांच्या रचनेत. कारण हे एक असं आत्मचरित्र आहे, ज्याची पानं लेखकानं लिहिली पण क्रम लावला नाही. क्रम वाचणारा लावतो. एखादी मुलगी आधी विचारते, तुमच्या घरासमोर काय होतं? दुसरा थेट विचारतो, तुम्ही जर्मनांना माफ केलं का? तिसऱ्याला गाणं हवं असतं, आणि गाणं म्हणा म्हटलं की गुटर खरोखर गातात. पहिलीच्या वाट्याला वाईनचा वास असलेलं एक घर येतं, दुसऱ्याच्या वाट्याला एक न सुटलेला हिशेब, तिसऱ्याला वाटतं की माणूस मोठा दिलखुलास आहे. तिघंही एकाच माणसाला भेटून आलेले असतात. गोष्टीत काय आलं याला जसा सांगणारा जबाबदार, तसाच इथे ऐकणाराही. तुम्ही बहिणीबद्दल विचारलंच नाहीत, तर ती बहीण तुमच्यापुरती जन्मलीच नाही.

आणि विचारलंत तर?

तिचं नाव साबिना. छावणीच्या दारात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला झाले. बापानं मुलाला सांगितलं होतं, वय विचारलं तर अठरा सांग. तो होता दहा-अकराचा. त्यानं अठरा सांगितलं आणि तो वाचला. जुळी बहीण वाचली नाही. तिची त्याला राहिलेली एकुलती एक आठवण म्हणजे तिची लांब सोनेरी वेणी. तिचा चेहरा त्याला आठवत नाही. आयुष्यभर आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही.

या उत्तराची घडण पाहण्यासारखी आहे. ऐकणारा तयारीनं बसलेला असतो; आता क्रौर्य येणार, रक्त येणार, आपल्याला मान फिरवावी लागणार. ते येत नाही. येते वेणी. शोक जुना झाला की तो आकसत जातो, आणि शेवटी अशा एखाद्या वस्तूत मावेल एवढा उरतो. शिवाय ही दोघं जुळी. तो चेहरा शोधायला माणूस आरशापुढे कितीदा उभा राहिला असेल, हे मनात येतं. गुटर तसं म्हणत नाहीत, हा माझा अर्थ. पण चांगल्या कवितेसारखी ही उत्तरं आपल्याला अर्थ लावायला जागा देतात. ते घाईनं दुसरीकडे वळत नाहीत. थोडं थांबतात, मग पुन्हा त्याच मुद्रेत, पापण्या लववत, पुढच्या प्रश्नाची वाट बघतात. त्या थांबण्यानंतर दुसरा प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही. पडद्यासमोर उभी असलेली शाळेची रांग अशा वेळी गप्प होते म्हणतात, आणि ते पटतं.

तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तेच उत्तर, तेच थांबणं, तेवढंच लांब. खरा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काही गाळेल, काही वाढवेल, एखादे वेळी ‘मघाशी सांगितलं ना’ म्हणून चिडेल. इथे चिडणं नाही. एका अंगानं हा मोठाच उणेपणा. पण दुसऱ्या अंगानं पाहिलं तर यामुळेच त्याचं रसग्रहण करता येतं. गप्पा विरून जातात, संहिता टिकते. हे गप्पांचं रूप घेतलेली संहिता आहे. तिच्यातला प्रत्येक उसासा आपण पुन्हा ऐकू शकतो, एखाद्या अभंगाच्या चरणावर थांबावं तसं थांबू शकतो.

यंत्राचं काम यात किती? खरं तर बेताचं. तुमच्या प्रश्नातले शब्द ते आधीच्या प्रश्नांशी ताडून बघतं आणि सर्वांत जवळचा तुकडा लावतं. चुकतंही. भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर येतं, मुलं हसतात. काहीच जुळलं नाही तर गुटर सांगतात की याचं उत्तर माझ्यापाशी नाही, दुसरं काही विचारा. हे वाक्यदेखील त्यांनीच, त्याच खुर्चीत बसून म्हटलेलं. संपूर्ण रचनेत एकही शब्द असा नाही जो त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही. आजकाल मेलेल्या माणसाचा आवाज आणि चेहरा घेऊन त्याला हवं ते बोलायला लावणारी यंत्रं दाराशी आली आहेत. त्यांच्यापुढे हे यंत्र जुनाट आणि अडखळतं दिसेल. मला त्याचं अडखळणंच मोलाचं वाटतं. साक्षीदाराला ‘मला ठाऊक नाही’ म्हणता आलं पाहिजे. जो कुठल्याही प्रश्नाला उत्तर देतो त्याची साक्ष कोर्टात टिकत नाही, घरातही टिकत नाही.

याच्या शेजारी आणखी एक कृती ठेवून पाहायला हवी, कारण तिनं प्रश्न विचारण्याची दुसरी बाजू दाखवली. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या आणि चेक विज्ञान अकादमीतल्या लोकांनी २०१७मध्ये एक संगणकखेळ काढला, ‘अटेंटाट १९४२’. २७ मे १९४२ला प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखवर हल्ला झाला, तो आठ दिवसांनी मेला, आणि सूड म्हणून लिदित्से हे अख्खं गाव पुसून टाकलं गेलं. खेळात आपण आजच्या काळातलं नातवंड असतो. त्या धरपकडीत आजोबांना गेस्टापोनं का पकडलं, हे आजीकडून काढून घ्यायचं. आजी म्हणजे नटी आहे, पण मुलाखत खऱ्यासारखी चित्रित केलेली. आठवणी मात्र काळ्यापांढऱ्या चित्रकथांतून उलगडतात. गंमत अशी की इथे प्रश्न चुकू शकतो. उर्मटपणे विचारलंत, आजीच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत, तर ती विषय बंद करते. मुलाखत संपली. खेळात कमावलेली नाणी खर्चून पुन्हा बसता येतं; आयुष्यात तीही सोय नसते.

चेक लोकांनी हा खेळ मुळात शाळांसाठी घडवायला घेतला होता. म्हणून त्याचा धडा शाळेतल्या धड्यासारखा वाटेल अशी भीती होती, ती खरी ठरत नाही. गोळ्या झाडायच्या नाहीत. वाचलेल्या माणसाशी बोलण्याची रीत हाच या खेळाचा विषय. गुटरांचा पडदा आपले सगळे प्रश्न सारख्याच शांतपणे सोसतो, तिथे पोरकटपणा खपून जातो. प्रागची ही आजी तो खपवून घेत नाही. दोन्हींपैकी कलाकृती म्हणून मला गुटर मोठे वाटतात, पण पोरांच्या हाती आधी द्यायचा तर मी प्रागचा खेळ देईन.

हेच १९४२ साल आपल्याकडे खानदेशात उच्चारलं की आठवतं ते नंदुरबार. तेव्हा ते पश्चिम खानदेशात, धुळ्याच्या कारभाराखाली होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडावं लागलं. लिदित्से पुसलं गेलं त्याला पुरते तीन महिने झाले नव्हते, तेव्हा, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या बाजारपेठेत स्वातंत्र्यासाठी निघालेल्या पोरांच्या मोर्चावर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमारला सोळावं पुरं व्हायचं होतं. या पाच नावांचं स्मारक आहे, दरवर्षी पुष्पचक्र वाहिलं जातं, शाळांतून भाषणं होतात. हे सगळं व्हायलाच हवं.

पण त्या मोर्चात पाचच पोरं नव्हती. बाकीची पळाली, गल्लीबोळात शिरली, कोणाच्या तरी ओसरीवर दडली आणि संध्याकाळी घरी गेली. घरी काय सांगितलं असेल त्यांनी? आईनं कानाखाली वाजवली असेल की जवळ घेतलं असेल? दुसऱ्या दिवशी वर्गात रिकाम्या बाकाकडे कोणी बघितलं असेल का? हुतात्म्याचं स्मारक होतं, वाचलेल्याचं होत नाही. वाचलेला माणूस दुकान चालवतो, मुलीचं लग्न करतो, आणि त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून बोलतही नाही. गुटरांच्या खुर्चीचं मोल मला या जागी कळलं. तिथे बसायला पराक्रम लागत नाही, नुसतं वाचलेलं असावं लागतं.

चिमठाण्याचं तसंच. १४ एप्रिल १९४४ला शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम पळवली गेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील, अशी नावं त्या प्रसंगाशी जोडलेली. गोष्ट थरारक आहे, त्यामुळे ती सांगितली जाते ती थरार म्हणूनच: गाडी आली, अडवली, लुटली, पसार. बापू आणि अण्णा दोघंही २०११-१२च्या सुमारास गेले. आता त्या खुर्चीत बसवायला त्यांच्यापैकी कोणी नाही. पण समजा बसवता आलं असतं, तर शिंदखेड्याच्या नववीतल्या पोरानं काय विचारलं असतं? मला खात्री आहे, पहिला प्रश्न पैशाचा: ते पैसे नंतर कुठे गेले? दुसरा कदाचित ड्रायव्हरचा: गाडी चालवणाऱ्याचं काय झालं, त्याला मारलं का? तिसरा प्रश्न एखादी मुलगी विचारेल: आजूबाजूच्या गावातल्या लोकांना नंतर पोलिसांनी त्रास दिला का, आणि तुम्हाला त्याचं वाईट वाटलं का? भाषणातला वक्ता हे तिन्ही प्रश्न टाळून पुढे जाऊ शकतो. खुर्चीतला साक्षीदार जाऊ शकत नाही. पराक्रमाच्या गोष्टीचं रूपांतर माणसाच्या गोष्टीत करण्याची या माध्यमाची ताकद इथे आहे.

स्पर्शपडदे, चित्रफिती, यंत्रातून बोलणारे आवाज हे आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. ‘खोज गांधीजी की’ हे तिथलं संग्रहालय मार्च २०१२मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते सुरू झालं. स्पर्शपडदे, बायोस्कोप, ध्वनिफिती यांतून गांधीजींचं आयुष्य दालनादालनांत मांडलं आहे. खानदेशातल्या शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात आणि मुलं रमतात. मांडणीत भडकपणा नाही, ही मोठी गोष्ट. पण तिथे बोट लावलं की उत्तर येतं. प्रश्न आधीच कोणीतरी विचारून ठेवलेला असतो. गांधीजींसारख्या माणसाच्या बाबतीत ते चालतं, कारण त्यांनी स्वतःबद्दल इतकं लिहून ठेवलं आहे. ज्यांनी एक ओळ लिहिली नाही त्यांच्यासाठी वेगळी रीत लागेल.

ऐकणाऱ्यामुळे बोलणं टिकतं याचा दाखला तर धुळ्याच्या तुरुंगातच आहे. १९३२च्या फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. समोर साने गुरुजी बसलेले, आणि त्यांचा हात भराभर चालत होता म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्याकडे आहे. गुरुजींनी ते टिपलं नसतं तर धुळ्यातल्या कैद्यांनी ते ऐकलं असतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं असतं. बहिणाबाईंचं तर विचारूच नका. जात्यावर, शेतात जे जुळलं त्यातलं जे त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरून घेतलं तेवढंच उरलं. बाकी आसोद्या-जळगावच्या वाऱ्यावर गेलं. खानदेशानं हा तोटा एकदा अनुभवला आहे.

युद्धातून वाचलेली माणसं खानदेशात कुठली, असं कोणी म्हणेल. जळगावातलं कंवरनगर, सिंधी कॉलनी, धुळ्यातलं कुमारनगर इथे जाऊन पाहावं. फाळणीला युद्ध म्हणायचं की नाही यावर विद्वानांनी भांडावं. घर सोडून निघालेल्या आठ वर्षांच्या मुलीला त्यानं फरक पडला नाही. त्या मुली आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या आज्या आहेत. त्यांची नातवंडं आपल्यासारखीच मराठी बोलतात, बाजारपेठेत बसतात, आणि सिंधमधल्या घराच्या अंगणात काय होतं हे त्यांना फारसं माहीत नसतं, कारण घरात तो विषय निघत नाही. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’नं फाळणी पाहिलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या आठवणी नोंदवल्या. तो प्रकल्प सुचला गुनीता सिंग भल्ला यांना, हिरोशिमाच्या स्मारकात अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या साक्षी ऐकल्यावर. म्हणजे जपानी म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून पंजाबी आजीची आठवण झाली. अशा आठवणींची एकमेकींशी ओळख पटते.

हिरोशिमानं तर आणखी एक वाट काढली आहे, जिच्यात यंत्रच नाही. २०१२पासून तिथे स्वयंसेवकांना एखाद्या वाचलेल्या माणसाची कहाणी रीतसर शिकवून तयार करतात. तो स्वयंसेवक मग त्या माणसाच्या वतीनं लोकांसमोर सांगतो आणि प्रश्नांना तोंड देतो. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. एकाची वाणी दुसऱ्यानं तोंडपाठ करून गावोगाव सांगायची, हे इकडे शतकानुशतकं चाललंय. फरक एवढाच की हिरोशिमात ज्याची कहाणी त्याची संमती घेतली जाते. आपल्याकडे पोवाड्यातल्या वीराला कोणी विचारत नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो, कारण कौतुक पुष्कळ झालं. गुटरांशी बोलून उठताना मला जी उणीव टोचते ती उत्तरांची नाही. पडद्यावरचा हा म्हातारा इतका चांगला ऐकतो, पण स्वतः काही विचारत नाही. खानदेशात एखाद्या म्हाताऱ्या माणसापुढे जाऊन बसा, पहिला प्रश्न तुमचा नसतो. ‘कोना आंडोर शे रे तू?’ कोणाचा मुलगा रे तू? बापाचं नाव, गाव, आईचं माहेर हे सांगून होईपर्यंत गोष्ट सुरूच होत नाही. हा वेळकाढूपणा नव्हे. समोरच्याचं गोत कळल्यावर आजोबा ठरवतो की गोष्ट कुठून धरायची. पोरगं डांगरीचं निघालं तर गोष्ट वेगळ्या तोंडानं सुरू होईल, शिंदखेड्याचं निघालं तर वेगळ्या. आणि मधेच केव्हातरी तो म्हणेल, ‘तुना आजला बी तठेच व्हता.’ तुझा आजाही तिथेच होता. त्या एका वाक्यानं इतिहास पोराच्या अंगावर येतो. गुटरांच्या दोन हजार उत्तरांत हे वाक्य असणं शक्यच नाही, कारण समोर कोण उभं आहे हे खुर्चीला कळत नाही.

ही उणीव यंत्राची आहे असं मी मानत नाही. ते अमेरिकेत, अनोळखी माणसांसाठी बनलं. तिथे संग्रहालयात येणारा कोण, कुठला, हे विचारणं असभ्य. आपल्याकडे ते न विचारणं असभ्य. तेव्हा इथे कधी अशी खुर्ची मांडली गेली, तर तिच्यातल्या माणसाचं पहिलं चित्रित वाक्य उत्तराचं नसावं, प्रश्नाचं असावं: कुठला तू? पोरानं गावाचं नाव सांगावं आणि त्या गावाला धरून तुकडा निघावा. तंत्राच्या दृष्टीनं यात अवघड काहीच नाही. प्रश्नाला उत्तर जुळवणारं यंत्र गावाला गोष्टही जुळवू शकेल. अवघड आहे ती भाषा. आठवण अहिराणीत असेल तर ती प्रमाण मराठीत वदवून घेतली की मेलीच. मग ऐकणाऱ्या यंत्रालाही अहिराणी शिकवावी लागेल, लेवा गणबोली शिकवावी लागेल, सातपुड्याकडची भिलोरी आणि पावरी शिकवावी लागेल. शेकडो तास माणसं बोलतात कशी ते नोंदवल्याशिवाय कुठलंही यंत्र ते शिकत नाही. पण हे शेकडो तास म्हणजेच तर ते काम! यंत्राला शिकवण्याच्या निमित्तानं का होईना, कोणीतरी म्हाताऱ्यांसमोर जाऊन बसेल आणि ‘मंग काय व्हयनं?’ म्हणेल. जळगावात विद्यापीठ आहे, त्याला नावही बहिणाबाईंचं आहे. भाषा विभागाची आणि संगणक विभागाची पोरं एका जीपमध्ये बसवण्याइतकंच ते प्रकरण.

प्रश्नांची यादी मात्र विद्वानांनी करू नये. गुटरांना विचारलेले प्रश्न प्रकल्पातल्या मंडळींनी गोळा केले होते, ते ठीकच होतं, पण आपल्याकडे शिक्षकांनी केलेल्या यादीत ‘स्वातंत्र्यलढ्यातून आम्ही कोणता बोध घ्यावा’ हा प्रश्न पहिल्या दहांत हमखास असणार, आणि त्यावर खुर्चीतला माणूस भाषण ठोकणार. यादी आठवीतल्या पोरापोरींकडून करून घ्यावी, न सुधारता. त्यात ‘तुम्हाला भीती वाटली तेव्हा तुम्ही लघवीला कुठे गेलात’ असलाही प्रश्न येईल. येऊ द्यावा. वेणीचं उत्तर अशाच एखाद्या साध्या प्रश्नाच्या पोटातून निघालेलं असतं.

आणि ‘कुठला तू?’ या प्रश्नाला पोरानं ‘कंवरनगर’ असं उत्तर दिलं, तर लावायला एका सिंधी आजीचा तुकडा यंत्रापाशी असायला हवा. त्या आज्यांपैकी ज्यांना घर सोडल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं, त्यांच्यातली धाकट्यात धाकटीसुद्धा आता ऐंशीच्या पुढे आहे. जीप निघायची असेल तर ती आधी त्या गल्लीत जावी, सातपुड्यातलं तोरणमाळ नंतर.